निरोप जेवलेला विनीत

आमच्या शुभंकर सोसायटीच्या गेटवर कोणी विक्रेता आला, की वॉचमन धाकू त्याला फार प्रश्न विचारत नाही. "दुसरा मजला, डाव्या हाताला," एवढंच सांगतो. डाव्या हाताला विनीत राहतो. अख्ख्या डोंबिवली पूर्वेत याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं नसावं. त्याच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायची दोन यंत्रं आहेत. एकातलं शुद्ध पाणी दुसऱ्यात ओततात की काय, हे मी अजून विचारलेलं नाही. व्यायामशाळेचं सभासदत्व त्याने रिक्षाच्या रांगेत उभ्या उभ्या घेतलं आणि ती व्यायामशाळा कुठे आहे ते त्याला आजही नीट सांगता येत नाही. गणपतीचं मखर वर्षभर त्याच्या गॅलरीत असतं. 'कोणाकडे ठेवायचं?' असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला तेव्हा आम्ही सगळे शिस्तीत छताकडे बघत होतो. विनीत तेवढा समोर बघत होता.

म्हणून पोरगा बावळट आहे असं समजू नका. ठाण्याच्या एका लिफ्टच्या कंपनीत तो सर्व्हिसला आहे. घोडबंदर रोडवरचे ते मान मोडणारे टॉवर आहेत ना, त्यांतल्या कितीतरी लिफ्ट त्याच्या भरवशावर वर-खाली करतात. यंत्रांशी त्याचं उत्तम जमतं, कारण यंत्रं आग्रह करत नाहीत. माणसाने जरा गोड बोलून 'घे रे' म्हटलं, की विनीत संपला.

हा गुण वडिलार्जित. त्याचे वडील दौलतराव फलटणकडचे. शहाडच्या बाजूला एका कारखान्यात लागले आणि दिवा स्टेशनजवळ खोली घेतली. गावाकडून नोकरी शोधायला निघालेला प्रत्येक जण "दौलतरावाकडं उतरू" म्हणून निघायचा, आणि दौलतरावांना 'जागा नाही' हे दोन शब्द कधी जमले नाहीत. विनीत मला एकदा म्हणाला होता, "काका, उताणं झोपणं ही श्रीमंतांची पद्धत आहे असंच मला दहावीपर्यंत वाटायचं. आमच्याकडे सगळे कुशीवर." दौलतराव आता नाहीत. आई हौसाबाई शहाडला मुलीकडे असतात आणि रविवारी इकडे येतात.

आता अशा माणसाचं लग्न कसं झालं, ते ऐकण्यासारखं आहे. मुलगी बघायला ही मंडळी ठाण्याला वर्तकनगरात गेली. पोहे आले. पोह्यांत मीठ दोनदा पडलेलं. मुलीच्या आईने विचारलं, "आवडले ना? घ्या की अजून." याने घेतले. मग आणखी घेतले. चौथी बशी भरायला लागल्यावर आतल्या दारातून मुलीचा आवाज आला, "आई, पुरे! त्यांचा चेहरा तरी बघ." ती समीक्षा. विनीत म्हणतो, त्याच क्षणी त्याने ठरवलं. रूप बघून नाही, शिक्षण बघून नाही. आपल्या वतीने 'पुरे' म्हणणारं माणूस मिळालं, बास.

तेव्हापासून त्या घरात 'नाही' म्हणायचं खातं समीक्षाकडे. कल्याणला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त तपासणीला आहे. "माझी बायको रक्त काढते," असं विनीत येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतो, आणि ऐकणारे मान डोलावतात, कारण त्यांना ते आधीच ठाऊक असतं. विमावाल्याला नाही म्हणणारी ती. मंडळाच्या पोरांना नाही म्हणणारी ती. मामेसासऱ्याच्या पुतण्याला 'दोन महिने राहायला येऊ नका' सांगणारीही तीच. आणि विनीत मागे उभा राहून कसनुसं हसणार, "माझं काही नाही हो. समीक्षाला जमत नाहीये." परिणाम असा, की नातेवाइकांत विनीत म्हणजे देवमाणूस आणि समीक्षा खाष्ट.

अशा घरात गेल्या हिवाळ्यात बंगळुरू आलं.

विनीतच्या मोघे साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचं मोठं ऑफिस बंगळुरूला, तिथे सर्व्हिसचा प्रमुख हवा. पगार मोठा, घर कंपनीचं, शाळेची सोय. "जातोस ना?" साहेबांनी विचारलं. विनीतने काय म्हणावं? "बघतो, सर." आणि बाहेर आला.

घरी येऊन त्याने समीक्षाला सांगितलं आणि नेहमीच्या सवयीने तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. आता ही म्हणेल 'काही नको', मग आपण साहेबांना सांगू 'मिसेसना जमत नाहीये', असा त्याचा साधा हिशोब. समीक्षा भाजी चिरत होती. म्हणाली, "तुला काय वाटतं?"

"तू सांग ना."

"नाही. या वेळी तू सांग."

हे मला कसं कळलं? समीक्षाने आमच्या स्वयंपाकघरात बसून मंदाकिनीला सांगितलं. मंदाकिनी म्हणजे आमची ही. त्यांची पाच वर्षांची क्षिप्रा शाळेतून आमच्याकडेच येते, जेवते, माझ्या चष्म्याशी खेळते आणि संध्याकाळी आई आली की वर जाते. आणि मी काही भिंतीला कान लावून बसत नाही. आमच्या बिल्डरने भिंतीच अशा बांधल्यात, की कान लावावा लागत नाही.

"काकू, मला जायचं नाही असं नाहीये," समीक्षा सांगत होती. "लॅबची नोकरी कुठेही मिळते. त्याला मनापासून जायचं असेल तर मी उद्या बॅग भरते. पण मला माहितीये, त्याला नाही जायचंय. तिथे खुर्चीत बसून नुसते मेल लिहायचे. हा लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरल्याशिवाय माणसात येत नाही. आणि मी नाही म्हटलं, तर आयुष्यभर सगळे म्हणणार, सोन्यासारखी संधी हिने घालवली. तोही म्हणेल कधीतरी. वाईट मनाने नाही, पण म्हणेल. मी नाही बोलणार, काकू. आम्ही चुकून बंगळुरूला पोचलो तरी चालेल."

"अगं, पण असं चुकून कोणी बंगळुरूला जातं का?" मंदाकिनी म्हणाली.

"हा जाईल," समीक्षा म्हणाली.

ती गेल्यावर मंदाकिनी पदराला हात पुसत बाहेर आली. "ऐकलंत ना सगळं? आता क्षिप्राच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या. विनीतला एक शब्द सांगायचा नाही."

"अगं, मी कशाला..."

"मी तुम्हाला बेचाळीस वर्षं ओळखते."

घेतली शपथ. दुसऱ्याच दिवशी विनीत जिन्यात भेटला. माझ्याच पायरीवर बसला आणि म्हणाला, "काका, मला नाही हो जायचं. तिथे मला खुर्ची आहे, मशीन नाही. आई इथे. क्षिप्रा काकूंच्या हातची आमटी सोडून कुणाच्या हातचं खात नाही. पण समीक्षाला बहुतेक जायचंय. नाहीतर आतापर्यंत नाही म्हणाली असती." आता सांगा. एका बाजूचं पोटात, दुसऱ्या बाजूचंही पोटात, आणि तोंडाला कुलूप. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोर्टालासुद्धा सुचली नसती. मी फक्त एवढंच म्हणालो, "मग तिला तसं सांग."

"बघतो," विनीत म्हणाला.

तो बघत बसला आणि इकडे बिल्डिंग कामाला लागली. आमचे सेक्रेटरी राजरत्न यांची बहीण बंगळुरूला असते. विनीतने त्यांना सहज विचारलं, तिकडे शाळा कशा आहेत म्हणून. एवढं पुरलं. रात्रीपर्यंत तिसऱ्या मजल्यावर सुमतीताईंना कळलं होतं आणि सकाळी त्या विनीतच्या दारात. "काय रे, जाणार आणि आम्हाला सांगणार पण नाहीस? ते काही नाही. रविवारी निरोपाचं जेवण आमच्याकडे. पुरणपोळ्या करते."

इथे कोणीही सरळ माणूस म्हणाला असता, 'ताई, अजून ठरलं नाहीये.' विनीत म्हणाला, "कशाला एवढा त्रास?" आणि हे वाक्य आपल्याकडे होकार म्हणूनच धरतात.

सुमतीताईंनी पुरणपोळ्या घातल्या म्हटल्यावर समोरच्या बिऱ्हाडाला मागे राहून कसं चालेल? त्यांनी वडे-सागोती घातली. मग तळमजल्यावरच्यांनी उंधियू. त्या महिन्यात ते तिघं घरी जेवल्याचं मला आठवत नाही. प्रत्येक ठिकाणी विनीतला आग्रह, आणि प्रत्येक ठिकाणी समीक्षा तोंडात घास धरून गप्प. पूर्वी ती 'पुरे हो, त्याला ॲसिडिटी होते' म्हणायची. आता विनीत तिच्याकडे केविलवाणा बघायचा आणि ती कोशिंबीर घ्यायची. दर जेवणानंतर समीक्षाची ओटी भरली जायची आणि नारळ यायचा. ओटीचे नारळ परत द्यायचे नसतात. ते फ्रिजच्या वर चढले, मग मखराच्या मागे गेले. क्षिप्राने एकाला डोळे काढले आणि त्याचं नाव 'बंगळू' ठेवलं.

गंमत अशी, की जितकं जेवण पोटात जाई तितकं नाही म्हणणं अवघड होत जाई. विनीत एकदा मला म्हणाला, "काका, निरोप जेवलेला माणूस इथेच राहिला तर लोक काय म्हणतील? फसवून पुरणपोळ्या खाल्ल्या म्हणतील." मला हसू आवरेना. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आवरलं. पोरगा खरंच वाळला होता. एवढं खाऊनही.

त्यात एक दिवस बंटी नावाचा ब्रोकर उगवला. फ्लॅट भाड्याने जाणार ही बातमी त्याला कोणी दिली, देव जाणे. धाकूने वर पाठवलाच. "भाऊ, टेन्शन नॉट, पार्टी एकदम सॉलिड आहे," म्हणत तो एक अख्खं कुटुंब घेऊन आत शिरला. विनीतने त्यांना चहा दिला. त्यांनी त्याच्याच टेपने त्याचीच भिंत मोजून सोफा कुठे बसेल ते ठरवलं. संध्याकाळी क्षिप्रा आमच्याकडे येऊन विचारते, "आजी, आमच्या घरात दुसरी माणसं आली की मी तुमच्याकडे झोपायचं का?" मंदाकिनीने तिला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू शपथ मीच तिला घातली होती.

सोमवारी मोघे साहेबांना पक्कं उत्तर द्यायचं होतं. आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी दुपारी, सोसायटीतर्फे गच्चीवर पंगत. वर मांडवाचं कापड बांधलं होतं, खाली पट्ट्या अंथरल्या होत्या. राजरत्न यांनी शाल-श्रीफळ आणलं होतं. फ्रिजवर अजून एका नारळाची भर. शहाडहून हौसाबाई आल्या होत्या, सोबत बोचक्यात बांधलेल्या दोन गोधड्या. म्हातारी महिनाभर कुणाला काही बोलली नव्हती, नुसती शिवत होती.

विनीत मधे बसला, डावीकडे समीक्षा, उजवीकडे क्षिप्रा. मी समोरच्याच पट्टीवर. नाटक बघायचं तर जागा चांगली धरावी. वरण-भात झाला, मसालेभात झाला आणि जिलेब्या निघाल्या. लग्नाच्या पंगतीत नवऱ्या मुलाला घालतात तसा आग्रह सुरू झाला.

"माझ्या हातची एक."

"राजरत्नांच्या हातची घेतली, मग आमच्या हातची का नाही?"

"अरे, तिकडे इडल्याच खायच्यात आता!"

विनीतच्या ताटात जिलेब्यांची चवड झाली. पाक भातात उतरला. तो खात होता, घाम पुसत होता आणि दर जिलेबीला समीक्षाकडे बघत होता. समीक्षा पापडाचा तुकडा मोडत होती. अगदी सावकाश, जणू तेवढंच काम तिला जन्मात उरलं होतं. तोंडात मात्र एक तुकडा गेला नव्हता. तेवढं मी बघितलं.

सुमतीताई पुन्हा आल्या, चिमट्यात दोन जिलेब्या घेऊन. "घे रे, घे. आता जाणारच आहेस. परत कधी मिळायच्या?"

आणि विनीतने ताटावर हात धरले. दोन्ही. बोटं पसरून, कोपरं फाकवून, वासरावर गाय वाकते तसा तो त्या ताटावर वाकला.

"नको," तो म्हणाला.

सुमतीताई हसल्या. "अरे, एकच..."

"ताई, नको. नाही. मला नाही जमणार." त्याचा आवाज चढला. पंगतीतली भांडी वाजायची थांबली. "जिलेबी पण नाही आणि बंगळुरू पण नाही. मला नाही जायचंय. समीक्षाने अडवलेलं नाहीये मला. कोणी अडवलेलं नाहीये. मलाच नाही जायचंय!"

सगळे शिस्तीत मांडवाच्या कापडाकडे बघायला लागले. पहिला आवाज हौसाबाईंचा आला.

"आरं, मंग या गोधड्या कशापायी शिवल्या म्या?"

"आई, इथे पण थंडी असते," विनीत कसाबसा म्हणाला.

"डोंबिवलीत?" म्हातारी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ते हसण्याचं राहिलं नाही. "त्येचा बाप गेला, पर जल्मात कुनाला न्हाई म्हनला न्हाई. माझं लेकरू म्हनलं गं बया."

समीक्षाने पापड खाली ठेवला. विनीतच्या ताटातल्या चवडीवरून एक जिलेबी उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. मग दुसरी. त्याची सुटका ती तिच्या पद्धतीने करत होती.

सुमतीताईंना मात्र सुधरत नव्हतं. "म्हणजे माझ्या पुरणपोळ्या...?"

"पचल्या," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी तोंड उघडायला मिळालं होतं, सोडतो कशाला?

"तुम्हाला माहीत होतं की काय?"

"मला कोण काय सांगतंय?" मी म्हणालो आणि मंदाकिनीकडे बघणं टाळलं.

विनीत तेवढ्यात उठला होता. म्हणाला, आत्ता नाही सांगितलं तर उद्या पुन्हा 'बघतो' म्हणेन. पाण्याच्या टाकीपाशी गेला, खिशातून फोन काढायला लागला, तर हात पाकाने चिकट. मी जवळच हात धुवायला गेलो होतो. म्हणाला, "काका, जरा धरा ना. स्पीकरवर टाका." देव दयाळू आहे तो असा.

"सर, विनीत बोलतोय. मी नाही येत. म्हणजे बंगळुरूला नाही जात. मला इथे मशीनवरच राहायचंय."

पलीकडून मोघे साहेबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की फोन माझ्या हातात फुरफुरला. "अरे भल्या माणसा, हे महिन्यापूर्वी सांगायचंस ना! तो कल्याणचा साकेत रोज माझ्या केबिनच्या दारात उभा असतो. त्याची सासुरवाडी तिकडची. पण तुला शब्द दिला म्हणून मी गप्प. आणि घोडबंदरला तुझ्या जागी कोणाला पाठवू, या काळजीने मला झोप नाही. राहतोस ना नक्की?"

विनीतने तोंड उघडलं. मी डोळे वटारले. 'बघतो' त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं.

"राहतो," तो म्हणाला.

पंगतीत बातमी माझ्या आधी पोचली, याचं दुःख मला अजून आहे. क्षिप्राने पळत जाऊन सांगितलं. राजरत्न यांनी शाल घडी करून परत पिशवीत घातली. म्हणाले, पुढच्या कोणाला होईल. श्रीफळ मात्र समीक्षाने मागून घेतलं.

पुढचे दोन दिवस दुसऱ्या मजल्यावरून खवणीचा आवाज येत होता. हौसाबाई राहिल्या होत्या. त्या नारळ फोडत होत्या, विनीत खवत होता, समीक्षा ढवळत होती. क्षिप्रा 'बंगळू'ला फोडू देईना, म्हणून तो तेवढा वाचला. अजून मखरात बसलेला आहे. ओटीच्या नारळांच्या ताटभर वड्या झाल्या आणि बिल्डिंगीतल्या प्रत्येक घराचा जो डबा वा पातेलं महिनाभरात त्यांच्याकडे राहून गेलं होतं, त्या त्या भांड्यातून त्या त्या घरी गेल्या. सुमतीताईंनी पहिली वडी खाल्ली, साखर जरा जास्त झाली म्हणाल्या आणि डबा ठेवून घेतला. राग गेल्याची ती खूण. बंटी सॉलिड पार्टीला घेऊन पुन्हा आला, तेव्हा विनीतने दाराची साखळीसुद्धा काढली नाही.

आमच्या वड्या घेऊन दोघं एकत्र आले. मंदाकिनीने चहा टाकला. समीक्षा पाय पसरून बसली. लग्न होऊन आल्यापासून आमच्याकडे ती कधी अशी बसली नव्हती.

"काकू, काल नणंदबाईंचा फोन आला," ती म्हणाली. "कल्पिताताई हो, शहाडच्या. 'सुट्टीत आमच्या दोन्ही मुलांना महिनाभर ठेवू का?' म्हणून. फोन यानेच उचलला. म्हणाला, 'महिनाभर नाही जमणार, आठवडाभर पाठव.' मी शेजारीच होते. मला काही म्हणजे काही बोलावं लागलं नाही. कितीतरी दिवसांनी गरम पोळी गरम असताना खाल्ली."

विनीत लाजून माझ्या चष्म्याच्या घराशी खेळत होता. मंदाकिनीने त्याच्यापुढे कप सरकवला.

"नको काकू," तो चटकन म्हणाला.

"ए," समीक्षा म्हणाली, "गप घे. काकूंच्या चहाला नाही म्हणायचं नसतं."

त्याने घेतला. फुंकर मारून एक घोट प्यायला आणि माझ्याकडे बघून हसला. राजरत्न यांनी यंदा सेक्रेटरीपद त्याच्या गळ्यात घालायचं ठरवलं होतं आणि सकाळीच तो त्यांना नाही म्हणून आला होता. ते नंतर कोणाच्या गळ्यात पडलं, ते मी सांगणार नाही. तुम्ही कधी आलात, तर धाकू सरळ माझ्याकडे पाठवेल.